व्हिसा एकाचा बदलतो, नोकरी दुसऱ्याची अडते: अमेरिकेत काम करणाऱ्या जोडीदारासाठी

नवरा एल-१ वर (कंपनीने बदली करून पाठवलेला), बायको एल-२ वर (एल-१ वाल्याची जोडीदार). इथे येऊन दीड वर्षात तिलाही बरी नोकरी लागलेली. मार्चमध्ये नवऱ्याचं नाव एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत निघतं, कंपनी पिटिशन (त्याच्यासाठीचा अर्ज) भरते, उन्हाळ्यात मंजुरी येते. अभिनंदनाचे मेसेज येतात. सप्टेंबर संपता संपता कुणीतरी सहज विचारतं, "मग हिच्या नोकरीचं काय?" आणि घरात एकदम शांतता.

१ ऑक्टोबरला नवरा एच-१बी झाला की बायको एल-२ उरत नाही. तिच्या आय-९४ वर (मुक्कामाच्या मुदतीची सरकारी नोंद) अजून दोन वर्षांनंतरची तारीख छापलेली असली तरी उरत नाही, कारण तिचं स्टेटस त्याच्या एल-१ ला टांगलेलं होतं. आता तिला एच-४, म्हणजे एच-१बीवाल्याची जोडीदार, व्हावं लागतं, आणि एच-४ ला नोकरीचा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणजे ३० सप्टेंबर हा तिचा ऑफिसातला शेवटचा दिवस.

हे मी ओळखीच्या दोन घरांत पाहिलं आहे. माझ्यावरही जरा वेगळ्या वाटेने पाच महिने घरी बसायची वेळ आली. मी वकील नाही. एच-१बी, मग एच-४, मग ईएडी (कामाच्या परवानगीचं कार्ड) अशा तिन्ही अवस्था भोगलेली साधी नोकरदार बाई आहे. तेव्हा कुणी समोर बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहिते आहे. नियम फक्त अमेरिकेचे आहेत. २०२५ मध्ये त्यातले बरेच बदलले, त्यामुळे आधी आलेल्या मित्रमंडळींचे सल्ले तारीख पाहूनच घ्या.

पायरी १: तुम्ही कोणत्या हक्कावर काम करता ते आधी ओळखा

नव्याने आलेल्यांचा पहिला घोळ इथेच होतो. पासपोर्टवरचा स्टॅम्प, स्टेटस आणि कामाची परवानगी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॅम्प आत येण्यापुरता लागतो. इथे राहून तो संपला तरी बिघडत नाही. तुम्ही कोण म्हणून आणि कधीपर्यंत राहू शकता हे आय-९४ सांगतो, आणि तो कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. कामाची परवानगी ही तिसरी गोष्ट. कुणाला ती स्टेटसमध्येच मिळते, कुणाला वेगळं कार्ड काढावं लागतं, कुणाला मिळतच नाही.

तुमचा स्वतःचा एच-१बी असेल तर नोकरी त्या एका कंपनीला बांधलेली आहे, पण जोडीदाराच्या कागदांशी तिचा संबंध नाही. हे स्वातंत्र्य किती मोठं आहे ते गेल्यावर कळतं.

एल-२ जोडीदाराला कुठेही काम करता येतं, कार्डाशिवाय. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयात झालेल्या तडजोडीनंतर हा हक्क स्टेटसचाच भाग मानला गेला आणि ३० जानेवारी २०२२ पासून आय-९४ वर 'एल-२एस' असं लिहिलं जाऊ लागलं. तो शेवटचा 'एस' तपासा. नुसतं एल-२ लिहिलं असेल तर एचआर अडवेल. ई-३ वरच्यांच्या जोडीदारांनाही अशीच सोय आहे. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेऊन इकडे आलेली मराठी कुटुंबं त्यात मोडतात.

एच-४ चं तसं नाही. मूळ व्यक्तीचा, म्हणजे ज्याच्या एच-१बीवर जोडीदार अवलंबून आहे त्याचा, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झाला असेल, किंवा ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे तिचा एच-१बी सहा वर्षांच्या मर्यादेपुढे वाढवला गेला असेल, तरच एच-४ जोडीदाराला ईएडी मागता येतो. हा नियम २६ मे २०१५ पासून आहे. त्याविरुद्धचा खटला दहा वर्षं चालला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला, म्हणून नियम आजही उभा आहे. एफ-२ ला, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला, मात्र काम नाहीच, त्यात पळवाट शोधू नका.

ईएडी हातात असेल तर कार्डावरचा कॅटेगरी कोड वाचा. सी२६ म्हणजे एच-४ वरून मिळालेला. सी०९ म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, आय-४८५, प्रलंबित असल्यामुळे मिळालेला. ए१८ म्हणजे एल-२ चा. कार्डं दिसायला सारखीच, पण कोड वेगळा म्हणजे आधार वेगळा, आणि आधार गेला की कार्डावर तारीख शिल्लक असून उपयोग नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

पायरी २: दोघांच्या तारखा एकाच कागदावर मांडा

दोघांचे पासपोर्ट कधी संपतात, दोघांचे आय-९४ कधी संपतात, एच-१बी किंवा एल-१ ची मंजुरी कुठवर आहे, सहा वर्षं कधी भरतात (एल-१बी असेल तर पाच, एल-१ए असेल तर सात), ईएडी कधी संपतो. हे सगळं एका कागदावर लिहून काढा. यातली सर्वांत जवळची तारीख हीच तुमच्या नोकरीची खरी तारीख.

पासपोर्टकडे कुणी पाहत नाही. विमानतळावरचा अधिकारी बऱ्याचदा आय-९४ पासपोर्ट संपण्याच्या तारखेपर्यंतच देतो, मंजुरी पुढची असली तरी. एच-४ चा ईएडी आय-९४ च्या पुढे जात नाही. म्हणजे नवऱ्याचा एच-१बी २०२८ पर्यंत असूनही बायकोचा ईएडी पासपोर्टपायी २०२७ मध्येच संपू शकतो. पासपोर्टची मुदत वर्षभराच्या आत आली असेल तर प्रवासाआधी नवा करून घ्या, आणि प्रत्येक प्रवासानंतर घरी पोचल्यावर दोघांचेही आय-९४ उघडून पाहा.

पायरी ३: तुमच्या घरात नेमका कोणता बदल होतो आहे?

एल-१ वरून एच-१बी. सुरुवातीला सांगितलेला प्रसंग हाच, आणि नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं, कारण बदल आनंदाचा वाटतो. कंपनीला एच-१बी हवा असतो, कारण एल-१बीची पाच वर्षं संपत आलेली असतात. कर्मचाऱ्याला तो हवा असतो, कारण एल-१ वर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. बायकोच्या पगाराचा विचार दोन्ही बाजूंच्या हिशेबात नसतो. लॉटरीत नाव टाकण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीतच, कंपनीला विचारा: ग्रीन कार्डची प्रक्रिया एल-१ वर असतानाच सुरू होऊ शकते का? एल-१ वर असताना आय-१४० मंजूर होऊ शकतो. तो हातात असेल तर एच-४ बरोबर ईएडीचा अर्ज लगेच करता येतो आणि नोकरीतला खंड काही महिन्यांवर येतो. नसेल तर हा खंड किती वर्षं चालेल याला काही मोजमाप नाही.

यावर पूर्वी एक सोपी युक्ती होती. स्टेटस इथेच न बदलता एच-१बी फक्त मंजूर करून ठेवायचा, आणि सोयीच्या वेळी बाहेर जाऊन स्टॅम्प घेऊन एच-१बी म्हणून परत यायचं. तोवर घर एल-१ आणि एल-२ वर निवांत चालायचं. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर ही युक्ती महागली. २१ सप्टेंबरपासून भरलेल्या नव्या पिटिशनमध्ये वकिलातीचा मार्ग (बाहेरच्या अमेरिकन वकिलातीतून स्टॅम्प घेऊन येणं) मागितला तर १ लाख डॉलर भरावे लागतात. इथल्या इथे स्टेटस बदलून मागितलं आणि ते मंजूर झालं तर ही रक्कम लागत नाही. आदेश १२ महिन्यांसाठी काढलेला आणि वाढवता येणारा होता, म्हणून तुमच्या वेळी तो लागू आहे का ते पाहा. लागू असेल तोवर एल-१ चं एच-१बी इथेच होणार, ठरल्या तारखेला होणार, आणि बायकोची नोकरीही त्याच तारखेला थांबणार, हे गृहीत धरून चला.

आणखी एक वाट आहे, जी फार थोडी जोडपी वापरतात. बायकोची पदवी बसत असेल तर तिच्या कंपनीला तिचंही नाव लॉटरीत टाकायला सांगा. ती एल-२ वर काम करतेच आहे, कंपनी तिला ओळखते. दोघांपैकी एकाचा नंबर लागला तरी पुढची चाल ठरवता येते.

एच-१बी वरून एच-४. नोकरी गेली, सहा वर्षं संपली, किंवा बाळंतपणानंतर थोडं थांबायचं ठरलं, अशा वेळी हा बदल येतो. स्टेटस बदलाचा अर्ज आय-५३९. ईएडीला पात्र असाल तर त्याचा अर्ज, आय-७६५, त्याच पाकिटात घाला. नोकरी चालू असताना अर्ज केला असेल तर एच-४ मंजूर होईपर्यंत तुम्ही एच-१बीच आहात आणि काम करू शकता. पण मंजुरी कधी येईल हे कुणी सांगत नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवसापासून एच-१बी संपला, आणि ईएडीची मंजुरी सोबत आलेली नसेल तर काम थांबवायलाच हवं. टपालाची वाट पाहू नका, केसचं स्टेटस रोज ऑनलाइन बघा. माझ्या बाबतीत मंजुरी एका मंगळवारी आली आणि मला कळलं शुक्रवारी. ते तीन दिवस पुढे एका वकिलासमोर समजावून सांगावे लागले.

पूर्वी एका न्यायालयीन तडजोडीमुळे एच-१बी, एच-४ आणि ईएडी एकत्र दिले तर एकत्र तपासायची सक्ती होती. ती जानेवारी २०२५ मध्ये संपली. आता एकत्र मंजूर झाले तर नशीब, नाही तर नाही.

यात एक चांगली बातमी आहे. एच-४ वर घालवलेली वर्षं एच-१बीच्या सहा वर्षांत धरली जात नाहीत. एकदा लॉटरीतून एच-१बी मिळाला असेल तर उरलेल्या काळासाठी पुन्हा लॉटरी लागत नाही. तीन वर्षं वापरून एच-४ झालात, तर नवी कंपनी उरलेल्या तीन वर्षांसाठी वर्षात कधीही पिटिशन भरू शकते. मात्र एका एच-१बी कंपनीतून दुसरीत जाताना अर्ज पोचताच काम सुरू करता येतं, तसं एच-४ वरून परतताना चालत नाही, मंजुरीपर्यंत थांबावं लागतं. प्रीमियम प्रोसेसिंगमध्ये (जादा फी भरून लवकर निकाल) १५ कामकाजी दिवसांत उत्तर येतं.

एच-४ ईएडी वरून स्वतःचा एच-१बी. बरेच जण विचारतात, ईएडी असताना ही उठाठेव कशाला? ईएडीवर कुठेही काम करता येतं, स्वतःचा धंदा काढता येतो, लॉटरी नाही, हे खरं. पण तो नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीवर उभा आहे. माझं मत विचाराल तर संधी असेल तेव्हा स्वतःचा एच-१बी मिळवून ठेवावा. गरज पडली तर एच-४ वर परत जाता येतं. एकदा लॉटरी लागली की ती सहा वर्षं तुमच्या नावावर राहतात.

या बदलात तीन ठिकाणी लोक अडखळतात. एक, १ ऑक्टोबरपासून तुम्ही फक्त त्या एका कंपनीसाठी काम करू शकता. ईएडीवर चालवलेले संध्याकाळचे क्लास, वीकेंडचं कन्सल्टिंग, ऑनलाइन विक्री सगळं ३० सप्टेंबरला बंद. दोन, स्टेटस बदलाचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर गेलात तर तो बदल सोडून दिला असं धरतात, आणि आता त्यात १ लाख डॉलरचा प्रश्नही येऊन पडतो. सख्ख्या भावाचं लग्न असलं तरी वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. तीन, आणि हे वकीलसुद्धा विसरतात: तुमचा एच-४ मुदतवाढीचा जुना अर्ज अजून पडून असेल आणि तो १ ऑक्टोबरनंतर मंजूर झाला, तर शेवटची मंजुरी खरी धरली जाते. तुम्ही एच-१बीवर काम करत राहता आणि कागदावर पुन्हा एच-४ झालेल्या असता. जुना अर्ज वेळेत मागे घ्या.

मूळ व्यक्तीने कंपनी बदलली. इथे सहसा घाबरण्यासारखं काही नसतं. एच-१बी एका कंपनीकडून दुसरीकडे गेला तरी जोडीदाराचा एच-४ आणि ईएडी आपल्या तारखेपर्यंत चालतात. पाहायचं ते आय-१४० कडे. मंजुरीला १८० दिवस झाल्यावर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी एच-१बीच्या मुदतवाढीसाठी आणि तुमच्या ईएडीसाठी तो उपयोगी राहतो. त्याआधी मागे घेतला तर आधारच जातो. आय-१४० मंजूर झाल्याच्या तिसऱ्या महिन्यात पगारवाढ मिळते म्हणून उडी मारणाऱ्या नवऱ्यांना हे बायकांनी सांगावं. मंजुरीपत्राची प्रत मात्र आधीच मागून घ्या. कंपनीच्या दृष्टीने तो तिचा कागद असतो, आणि सोडून गेलेल्या माणसाला तो देण्याचा उत्साह कुणाला नसतो.

मूळ व्यक्तीची नोकरी गेली. शेवटच्या कामाच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. हे ६० दिवस सगळ्या कुटुंबाचे असतात. या काळात नव्या कंपनीने पिटिशन भरलं तर गाडी रुळावर राहते. दोघेही एच-१बीवर असाल तर ज्याची नोकरी गेली तो ६० दिवसांच्या आत आय-५३९ भरून दुसऱ्याचा एच-४ होऊ शकतो. दोघांनी वेगळा एच-१बी ठेवायचा तो यासाठी. घर एकाच एच-१बीवर असेल तर ईएडीवर काम करणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच वकील गाठावा. कार्डावर तारीख शिल्लक आहे एवढ्यावर विसंबून राहू नये.

ग्रीन कार्डचा शेवटचा टप्पा. आय-४८५ भरला की दोघांनाही सी०९ ईएडी मागता येतो. तो एच-४ वर अवलंबून नसतो, म्हणून अनेकांना हायसं वाटतं. पण क्रम चुकवू नका. नवऱ्याने उत्साहात एच-१बी सोडून सी०९ वर नवी नोकरी धरली, तर त्याचा एच-१बी संपतो, बायकोचा एच-४ संपतो, आणि तिचा सी२६ ईएडीही. तिचा सी०९ हातात आल्यानंतरच त्याने हलावं. प्रवासातही तसंच. एच-४ च्या स्टॅम्पवर परत आलात तर एच-४ राहता. ॲडव्हान्स पॅरोलवर (आय-४८५ प्रलंबित असताना बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) आत आलात तर एच-४ नसता, मग सी२६ चालत नाही, सी०९ च हवा. ५ डिसेंबर २०२५ पासून प्रलंबित असलेल्या आणि नव्या अर्जांवर सी०९ ची मुदतही ५ वर्षांवरून १८ महिन्यांवर आली आहे, म्हणजे नूतनीकरणाचा फेरा पुन्हा मागे लागला.

घटस्फोटाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून दोन ओळी. न्यायालयाचा हुकूमनामा निघाला की एच-४ संपतो आणि त्यावरचा ईएडीही. नातं ताणलेलं असेल तर स्वतःच्या स्टेटसची तजवीज हुकूमनाम्याआधी करावी लागते, आणि वकील स्वतःचा असावा लागतो.

पायरी ४: नूतनीकरणाचा खंड गृहीत धरा

आत्ताच्या घडीला सगळ्यात जास्त नोकऱ्या अडकतात त्या इथे. पूर्वी ईएडीचं नूतनीकरण वेळेत भरलं तर जुनं कार्ड आपोआप वाढायचं, आधी १८० दिवस, नंतर ५४० दिवस. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणांसाठी ही आपोआप वाढ बंद झाली. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर दुसऱ्या दिवशी काम बंद. नूतनीकरणाच्या अर्जाची पावती दाखवून चालत नाही.

ईएडीचा अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधी भरता येतो. एच-४ ची अडचण अशी की नव्या ईएडीला नवा आय-९४ लागतो, आणि तो नवऱ्याच्या एच-१बीच्या मुदतवाढीशिवाय नाही. एच-१बीची मुदतवाढही सहा महिने आधीच भरता येते. म्हणून तिन्ही अर्ज एकाच पाकिटात, सहा महिन्यांची खिडकी उघडली त्याच आठवड्यात. कंपनीचे वकील शेवटच्या दोन महिन्यांत जागे होतात. त्यांना मुदत संपण्याच्या आठ महिने आधीपासून आठवण करत राहणं हे काम नवऱ्याचं आहे, कारण वकिलाला मेल त्याचीच चालते.

एच-१बीसाठी प्रीमियम आहे. एच-४ साठी आणि त्याच्या ईएडीसाठी नाही. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार कागदावर भरलेल्या आय-५३९ ला ४७० डॉलर आणि आय-७६५ ला ५२० डॉलर पडतात, ऑनलाइन भरल्यास प्रत्येकी ५० कमी. एच-१बीसोबत एकाच पाकिटात पाठवायचे तर कागदावरच. एच-१बीची फी कंपनीने भरायची असते, जोडीदाराची बहुधा आपल्या खिशातून जाते. पाठवण्याआधी दर पुन्हा तपासा, चुकीच्या रकमेचं पाकीट तसंच परत येतं आणि महिना जातो.

एच-१बीची मुदतवाढ मंजूर झाली की भारतात जाऊन एच-४ चा नवा स्टॅम्प घ्यायचा, येताना नवा आय-९४ मिळवायचा आणि मग फक्त ईएडीचा अर्ज करायचा, असाही एक मार्ग लोक वापरत. कागदावर तो जलद आहे. पण १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासली जातात, आणि त्या वेळी भारतातल्या कित्येकांच्या मुलाखती महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या. ईएडी वाचवायला गेलेली व्यक्ती तिकडेच अडकली तर नोकरीबरोबर मुलांची शाळाही विसकटते. मी हा मार्ग सुचवणार नाही.

पायरी ५: एचआरशी वेळेत आणि नेमकं बोला

कार्ड संपायच्या चार महिने आधी बोला. शेवटच्या आठवड्यात सांगितलं तर कंपनीकडे काढून टाकण्यापलीकडे पर्याय उरत नाही. चार महिने आधी सांगितलं तर बिनपगारी रजा हा पर्याय उरतो. मेल छोटी असू द्या: "माझ्या कामाच्या परवानगीची मुदत अमुक तारखेला संपते. नूतनीकरणाचा अर्ज अमुक दिवशी पोचला आहे. त्या तारखेपर्यंत नवं कार्ड न आल्यास मला बिनपगारी रजेवर ठेवता येईल का, आणि किती काळ?" स्वतःहून राजीनामा देऊ नका. राजीनाम्यानंतर परत घ्यायचं तर नवी भरती, नवी मंजुरी, नवं बजेट. रजेवर असाल तर एक सही.

रजा म्हणजे खरोखर रजा. "पाच मिनिटांचा कॉल घेतेस का?" याला उत्तर नाही असंच. लॅपटॉप बंद, मेल बंद, चॅटवर हिरवा ठिपकाही नको. मॅनेजर प्रेमाने विचारतो, पण ते काम अनधिकृत ठरतं आणि ग्रीन कार्डच्या वेळी हिशेब तुम्हाला द्यावा लागतो. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डमध्ये शेवटच्या वैध प्रवेशानंतरच्या एकूण १८० दिवसांपर्यंतच्या अशा चुका कायद्याने पोटात घेता येतात, पण ही सवलत प्रेमळ मॅनेजरवर खर्चू नका.

नवं कार्ड आलं की कंपनी आय-९ फॉर्मवर (कामाची परवानगी तपासल्याचा फॉर्म) पुन्हा नोंद करते. कोणता कागद दाखवायचा ते मान्य यादीतून तुम्ही निवडता, कंपनीने अमुकच कागद हवा म्हणायचं नसतं. नोकरीच्या अर्जात दोन प्रश्न असतात: तुम्हाला इथे काम करण्याची परवानगी आहे का, आणि आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का? वैध ईएडी असेल तर पहिल्याला हो. दुसऱ्याचं उत्तर प्रामाणिकपणे, पुढे एच-१बी मागणार आहात की नाही यावर.

पगार थांबण्याआधी आरोग्यविम्याचं बघा. तुमच्या कंपनीचा विमा गेला तर जोडीदाराच्या कंपनीच्या विम्यात येण्यासाठी सहसा ३० दिवसच असतात, आणि ते चुकले तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. कोब्रा या कायद्याखाली कंपनीचा जुना विमा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण हप्ता पूर्ण स्वतःचा, आणि तो पाहून डोळे पांढरे होतात. शेअर किंवा बोनस पदरात पडायची तारीख जवळ असेल तर रजा कोणत्या दिवसापासून धरली जाते ते लेखी विचारा. घराचं कर्ज दोघांच्या पगारावर घेणार असाल तर एका पगारावर सहा महिने हप्ता निघतो का ते मांडून बघा.

पायरी ६: खंडात काय चालतं, काय नाही

एच-४ वर शिकता येतं, अगदी पूर्णवेळ, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा न घेता. मी त्या पाच महिन्यांत कम्युनिटी कॉलेजात डेटाबेसचा एक कोर्स केला, तो पुढे नोकरीत उपयोगी पडला. धर्मादाय संस्थेत, जे काम कुणीही बिनमोबदला करतं, तसं स्वयंसेवी काम चालतं. जिथे एरवी पगार देतात ते काम फुकट करणं मात्र स्वयंसेवा नव्हे, "आधी फुकट कर, कार्ड आल्यावर पैसे देऊ" म्हणणारा मालक तुम्हाला खड्ड्यात घालतो आहे. रोख पैसे घेऊन मुलं सांभाळणं, डबे देणं, शिकवण्या, टॅक्सी ॲप, हे सगळं काम आहे. भारतातल्या कंपनीसाठी इथे बसून काम करणंही बहुतेक वकील धोक्याचंच मानतात, पगार तिकडच्या खात्यात पडला तरी.

वाहन परवाना तपासायला विसरू नका. बऱ्याच राज्यांत त्याची मुदत तुमच्या स्टेटसच्या मुदतीबरोबर संपते, आणि आय-५३९ अडकला की परवानाही अडकतो. पावतीवर तात्पुरती मुदतवाढ देतात का ते राज्यागणिक वेगळं असतं.

वकिलाबद्दल शेवटचं. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. नवऱ्याचा एच-१बी नीट लागला की त्याचं काम झालं, तुमची नोकरी त्याच्या यादीत नसते. वेगळ्या वकिलाचा एक तास विकत घ्या, दोघांनी मिळून जा, पायरी २ चा तो कागद समोर ठेवा आणि विचारा की हा बदल ज्या दिवशी लागू होईल त्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी कोणत्या कागदावर कामाला बसेन. उत्तर मेलवर लेखी मागा.